हात पोचत नाही तिथला बोल्ट

गाडी ज्या क्रमाने जोडतात, त्या क्रमाने ती दुरुस्त करता येत नाही. कारखान्यात इंजिन आणि गिअरबॉक्स बऱ्याचदा एकत्र जोडून खालून बॉडीत चढवतात आणि रेडिएटर, पंखा, दिवे यांची पुढची चौकट नंतर बसवतात. जोडणाऱ्यासमोर तेव्हा बोल्ट उघडा असतो. घरी बॉनेट उघडल्यावर तोच बोल्ट बॅटरी, पाइप आणि वायरिंगच्या मागे गेलेला असतो. त्यामुळे सुटा भाग बदलायचं काम छोटं आणि त्याच्यापर्यंत पोचायचं काम मोठं, हे बहुतेक घरगुती दुरुस्त्यांचं खरं स्वरूप आहे. वेळेचा आणि हत्यारांचा अंदाज पोचण्याच्या कामावरून बांधा.

पहिला निर्णय आडव्या येणाऱ्या वस्तू काढायच्या की वाकून-वाकून काम उरकायचं, हा असतो. आमचं मत स्पष्ट आहे: काढा. बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा या तीन गोष्टी निघाल्या की अर्ध्याअधिक अडचणी संपतात. हेडलाइटचा बल्बही अनेक गाड्यांत असाच सापडतो. काहींत तर चाक वळवून चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर बाजूला करावं लागतं. बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला तर तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. बोट लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलना हात लावायचा नाही.

हत्यारांत सर्वात जास्त फरक पडतो तो रॅचेटच्या, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या दांड्याच्या दात्यांनी. २४ दात्यांचा रॅचेट पुढचा दात धरायला १५ अंश फिरावा लागतो, ७२ दात्यांचा फक्त ५ अंश. अडचणीच्या जागेत काम होणार की नाही, हे इथेच ठरतं. गोट्या (बोल्टच्या डोक्यावर बसणारे सॉकेट) सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी टोकांवर पकडते आणि गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करते. थोडं तिरकं चालणारं एक्स्टेन्शन, एक युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा सांधा) आणि टोकाला चुंबक असलेली लवचीक काठी एवढं जवळ ठेवा.

डोक्याचा आकार नीट बघूनच हत्यार लावा. सहा पाकळ्यांचा टॉर्क्स आणि बारा टोकांचा ट्रिपल स्क्वेअर अंधारात सारखेच वाटतात. ट्रिपल स्क्वेअरमध्ये टॉर्क्सचं बिट घातलं तर ते काही वेळ धरतं आणि जोर लावताच आतली टोकं खाऊन टाकतं. जपानी गाड्यांतले चौफुलीचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण बरेचदा ते जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या मापाचे असतात. त्यात फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर वर सरकत राहतो. ब्रेक डिस्क धरणारे असे स्क्रू जाम असतील तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

जाम बोल्टला एकदम उलटा जोर देऊ नका. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा आणि किमान १५-२० मिनिटं थांबा. सायलेन्सरच्या बाजूचे बोल्ट असतील तर रात्रभर तेल मुरू द्या. मग डोक्यावर सरळ दोन-चार ठोके मारा, बोल्ट किंचित आवळा आणि त्यानंतर सोडवा. थोडा सुटला की पुन्हा आवळा, पुन्हा सोडवा. आट्यांतला गंज असाच भुगा होऊन बाहेर पडतो. उष्णता द्यायची तर नटला द्या, बोल्टला नाही, आणि तेल पुसल्याशिवाय, पेट्रोलच्या पाइपजवळ किंवा रबराजवळ ज्योत नकोच.

डोकं गोल झालंच, तर १० मिमीच्या बोल्टवर ३/८ इंची गोटी ठोकून बसवा; ती ९.५ मिमीच्या आसपास असल्याने घट्ट धरते. नाहीतर आतून पिळदार दाते असलेली खास गोटी वापरा. भोक पाडून आत फिरवायचा एक्स्ट्रॅक्टर शेवटी. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही. डाव्या पिळाचं ड्रिल वापरलंत तर भोक पाडतानाच बोल्ट सुटून येण्याची शक्यता असते.

या सगळ्याची कसोटी लागते ती आडव्या बसवलेल्या व्ही-६ इंजिनाचे (तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगांचं इंजिन) मागचे तीन स्पार्क प्लग बदलताना. मागची रांग केबिनच्या भिंतीला चिकटलेली असते आणि बऱ्याच गाड्यांत तिच्यावर इनटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा, वरचा भाग पसरलेला असतो. तो काढावाच लागतो. म्हणून मॅनिफोल्डचं नवं गास्केट (सांधा हवाबंद करणारी पट्टी) आधीच आणून ठेवा, आणि मागचे प्लग बदलताना पुढचे तीनही बदलून टाका. इंजिन पूर्ण थंड असू द्या. गरम ॲल्युमिनियममधून प्लग काढताना आटे ओरबाडले जातात.

सोडवण्याआधी प्रत्येक होजचा आणि कनेक्टरचा फोटो घ्या. जुन्या कनेक्टरची खिट्टी ठिसूळ असते: आधी कनेक्टर आत दाबा, मग खिट्टी दाबा, मग ओढा. मॅनिफोल्ड उचलल्याबरोबर खालची भोकं स्वच्छ फडक्याने बंद करा. तिथे पडलेला वॉशर थेट व्हॉल्व्हपर्यंत जातो. प्लगवरची इग्निशन कॉइल काढल्यावर प्लगच्या विहिरीत हवा मारून धूळ उडवा, त्यानंतरच प्लग सोडवा.

नवा प्लग रबरी होजच्या तुकड्यात अडकवून हाताने बसवा. आधी किंचित उलटा फिरवा, आटा खाली बसल्याचं जाणवलं की सुलटा फिरवा. आटे तिरपे गेले तर होज हातात घसरते आणि ॲल्युमिनियम वाचतं; रॅचेटला ते कळत नाही. शेवटचं आवळणं मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) करा. टॉर्क पाना आत जातच नसेल तर गास्केटचा (बुडाशी चपटी वॉशर असलेला) नवा प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, आणि निमुळत्या बैठकीचा प्लग फक्त एक षोडशांश फेरा. या दोघांची गल्लत झाली तर निमुळता प्लग पुढच्या वेळी निघत नाही.

मॅनिफोल्डचे बोल्ट मधून बाहेर, आलटून-पालटून, दोन टप्प्यांत आवळा. गाडी चालू केल्यावर सूं असा आवाज आला, आयडलिंग (गाडी उभी असतानाची इंजिनाची गती) वर-खाली झालं किंवा स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०१७४ (दोन्ही रांगांत इंधनाच्या मानाने हवा जास्त) हे दोन्ही कोड एकत्र आले, तर सेन्सर विकत आणायच्या आधी गास्केट सरकलंय का आणि मागची एखादी व्हॅक्यूम होज जोडायची राहिली आहे का, ते टॉर्च लावून बघा.