कारखान्यासारखं डायनिंग हवंय? मग आधी खरा कारखाना बघा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिने हे रोजचं काम. हल्ली मात्र पोरं मोबाइलवर फोटो घेऊन येतात. काळी भिंत, उघड्या विटा, लोखंडी टेबल, वरून लोंबणारे पिवळे बल्ब. “काका, डायनिंग असं करायचंय. एकदम इंडस्ट्रियल.” ज्या कळकटपणातून सुटून माणसं घोडबंदरच्या टॉवरमध्ये गेली, तोच आता पैसे मोजून घरी न्यायचा! असो. नीट केलं तर दिसतंही झकास.

फोटोतली जागा आणि आपली जागा यांत फरक आहे. ही पद्धत रुजली न्यूयॉर्कच्या सोहो भागात. १९६०च्या दशकात तिथल्या ओस पडलेल्या कारखान्यांत आणि गोदामांत कलाकार राहायला गेले. छत उंच, खिडक्या भिंतभर, त्यामुळे गडद रंग खपून जातो. आपल्याकडे स्लॅब नऊ-साडेनऊ फुटांवर, आणि डायनिंग म्हणजे हॉल आणि किचनच्या मधला चौकोन, बरेचदा खिडकीशिवाय. चारही भिंती काळ्या केल्यात तर मीटर रूममध्ये पानं मांडल्यासारखं वाटेल.

आणि खऱ्या कारखान्याची भिंत काळी नसतेच. वागळेतले, तुर्भे-रबाळेतले जुने गाळे बघा. खाली चारेक फुटांपर्यंत गडद तेलरंगाचा पट्टा, वर चुना. हात, तेल, ट्रॉली लागते ती खाली, वरचा पांढरा भाग उजेड परत देतो. जेवणाच्या जागेत मी हेच सांगतो. खुर्चीची पाठ आणि आमटीचे शिंतोडे पोचतात तिथपर्यंत कोळशाचा रंग, वर फिकट राखाडी किंवा ऑफ-व्हाइट. पूर्ण काळी करायचीच असेल तर एकच भिंत करा, तीही बाहेरच्या बाजूची नको. पावसाळ्यात ओल आली की खाराची पांढरी भुकटी काळ्या रंगावर लांबून दिसते. आधी गळती, मग रंग.

रंगाच्या आधी राखाडी प्रायमर मारून घ्या, नाहीतर गडद शेड हातावर हात मागत राहते. अगदी मॅट घेतलात तर तेलकट बोटं उमटतात, चकचकीत घेतलात तर पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. मधला, धुता येणारा फिनिश बरा. लाकडाशेजारी निळसर काळ्यापेक्षा तपकिरीकडे झुकणारा कोळसा उठून दिसतो. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगवून तो रात्री दिव्याखाली धरून बघा. दुकानातल्या पट्टीवर जाऊ नका.

विटांचा हट्ट धरणाऱ्यांनी प्लास्टर उकरू नये. नव्या टॉवरमध्ये आत लाल वीट नसतेच, सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक निघतात. मायवानची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतलेली इमारत असेल तर सरळ काँक्रीट, आणि त्या भिंतीवर इमारत उभी असते. विटांच्या टाइल लावा, पण किचनच्या दारापासून लांब. फोडणीचा चिकटा सांध्यांत बसला की निघत नाही.

आता उजेड. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत देते, कोळशाच्या रंगाची जेमतेम ५ ते १०. म्हणजे भिंत गडद केलीत की दिवे वाढवावेच लागतात. ते तारवाले पिवळे बल्ब शोभेला ठेवा, त्यांच्यावर जेवण करू नका. बोंबलाचा नाही, पण काटेरी भिंगी मासळीचा काटा दिसला पाहिजे! टेबलावर पत्र्याच्या शेडचा दिवा, टेबलाच्या पृष्ठापासून ३० ते ३६ इंच वर. आत ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा एलईडी, खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० लिहिलेला. ६५०० चा पांढरा लावलात तर सगळी मेहनत वाया, वर्कशॉपसुद्धा बरं दिसेल.

पंख्याचं कोणी बोलत नाही. आपल्याकडे टेबलाच्या बरोबर वर पंखा असतो. शेजारी दिवा टांगला तर तो झुलतो, पात्यांच्या वर लावला तर ताटात सावल्या फिरतात. उपाय कारखान्यातलाच, भिंतीवर काळा जाळीचा पंखा, मधे दिवा. वायरिंग उघड्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपातून नेणार असाल तर पाइपाला अर्थिंग हवंच. इथे इलेक्ट्रिशियनशी घासाघीस करू नका.

टेबल हा माझा प्रांत, म्हणून जरा सविस्तर. सहा जणांसाठी पाच बाय तीन फूट, उंची ३० इंच. फ्रेमला ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) पाइप, २ मिलिमीटर जाडीचा. पाइप २० फुटी येतो, दोन लागतात. फ्रेमच २२-२४ किलो भरते, वर दीड इंची सागवान आलं की पन्नाशी ओलांडते. त्यामुळे पाय वेल्ड न करता बोल्टवर घ्यायला सांगा. लिफ्टमध्ये जाईल आणि उद्या घर बदललंत तर उघडेलही. सांधे घासून सपाट करायचे की वेल्डची लहर ठेवायची ही आवड, पण हात फिरवून बघा, बर, म्हणजे धातूची धारदार कड राहिली तर साडी फाटते.

लाकूड जुनं घ्या. नौपाड्यात जुन्या इमारती पाडल्या जातायत, त्यांच्या चौकटी आणि तुळयांचं सागवान वखारीत मिळतं. खिळे काढून, रंधून घ्या. खिळ्यांची काळी भोकं राहू द्या, शोभतात. मात्र ही फळी फ्रेमला गच्च आवळायची नाही. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, मार्च-एप्रिलमध्ये आक्रसतं. फ्रेमच्या पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट खाच पाडून, वॉशर घालून स्क्रू घ्यायचा, म्हणजे फळी सरकायला मोकळी. गोल भोक पाडून गच्च आवळणारा कारागीर असेल तर पहिल्याच पावसात फळी कमान धरते किंवा तडकते.

लोखंड ‘कच्चं’ ठेवायची फर्माईश येते, नुसता क्लिअर लॅकर मारून. खाडीकाठी, ऐरोली-वाशीकडे राहत असाल तर विसरा, लॅकरखालून गंज सरपटत येतो. टेक्श्चर मॅट काळं पावडर कोटिंग करा. ते भट्टीत साधारण २०० अंशांवर भाजतात, त्यामुळे सगळं वेल्डिंग आणि भोकं आधी. घरी आल्यावर कोणी ड्रिल चालवलं तर तिथूनच गंज. एखाद्या शेल्फला लेथ मशीनवर असतो तो करडा हॅमरटोन, म्हणजे हातोडीने ठोकल्यासारखा दिसणारा रंग मारून बघा, काळ्यात मस्त उठतो.

लोखंडी स्टूल दोनच घ्या, तेही पोरांसाठी. आजी-आजोबांना पाठ टेकायला लाकडी खुर्ची द्या, बैठक १८ इंचांवर. मागे भिंतीपर्यंत तीन फूट सोडा, वाढणारीला जाता आलं पाहिजे. प्रत्येक पायाला रबरी बूट घाला, नाहीतर खालच्या मजल्यावरून रोज रात्री फोन येईल. आणि रंगकाम संपलं की उरलेला कोळशाचा रंग छोट्या बाटलीत भरून ठेवा, खुर्च्या भिंतीला लागणारच आहेत.