थकल्या डोक्यासाठी वाद्यवृंद: संथ संगीताची यादी कशी लावावी

मी मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या वाक्यांतले ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेले अनुस्वार आणि जागा चुकलेले स्वल्पविराम दिवसभर हुडकायचे, हे माझं काम. दिवा मालवला तरी हे हुडकणं थांबत नाही. डोळे मिटले की ओळी सरकू लागतात. गाणी लावून पाहिली, पण कानावर शब्द पडले की मी तेही तपासायला बसते. मग शब्दच नसलेलं काहीतरी हवं म्हणून मोठ्या वाद्यवृंदाचं संथ पाश्चात्त्य संगीत ऐकू लागले, आणि पहिल्याच आठवड्यात एका रात्री अंथरुणात ताडकन उठून बसले.

बीथोव्हेनच्या पाचव्या पियानो कॉन्चेर्टोचा, म्हणजे एकटा पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचा, दुसरा भाग लावला होता. व्हायोलिनांची दबकी, हळुवार सुरुवात, मग पागोळ्या गळाव्यात तसा वरून उतरणारा पियानो. छान गुंगी आली. या भागाच्या शेवटी सगळं थांबल्यासारखं होतं. एक लांबलेला स्वर अर्ध्या पायरीने खाली घसरतो, पियानो एक नवी चाल अगदी दबक्या आवाजात चाचपून बघतो आणि पुढच्याच क्षणी तीच चाल पूर्ण जोरात उसळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांच्या मधे बीथोव्हेनने श्वास घ्यायलाही जागा ठेवलेली नाही. चूक त्याची नव्हे, मी पुढचं पान न बघता निजले होते.

तेव्हापासून संगीतही मी मुद्रितासारखं आधी तपासून घेते. कसं, ते सांगते.

नावात काय वाचायचं

या संगीताची नावं सरकारी पत्राच्या विषयासारखी लांबलचक असतात. घाबरू नका. आपल्या कामाच्या गोष्टी दोनच: रोमन आकडा आणि इटालियन शब्द. रोमन आकडा म्हणजे रचनेचा कितवा भाग. सिंफनीत, म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेत, बहुधा चार भाग असतात आणि संथ भाग सहसा दुसरा असतो. कधी तो तिसराही असतो, रखमानिनॉफच्या दुसऱ्या सिंफनीत आहे तसा. कॉन्चेर्टोत बहुधा तीन भाग असतात, त्यातला मधला आपला.

इटालियन शब्द वेग सांगतो. आदाज्यो म्हणजे सवडीने. लार्गो म्हणजे ऐसपैस. लेन्तो म्हणजे संथ. आंदान्ते म्हणजे चालण्याच्या गतीने, आपल्याकडच्या मध्यलयीच्या जरा अलीकडे. आलेग्रो किंवा प्रेस्तो दिसलं की रात्रीपुरतं सोडून द्यायचं.

पण वेगाच्या शब्दावर विसंबून राहू नका. हायडनच्या ९४ क्रमांकाच्या सिंफनीचा दुसरा भाग आंदान्तेच आहे. बाळबोध वाटावी अशी चाल हळू आवाजात येते, मग तीच आणखी हळू येते, आणि अचानक सगळा वाद्यवृंद टिंपनीसकट, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांसकट, एकच दणका देतो. १७९२ मध्ये लंडनमध्ये ही पहिल्यांदा वाजली, आणि तिला ‘सरप्राइज’ हे नाव याच दणक्यामुळे पडलं. हायडन मला फार आवडतो. सकाळी.

नावाशेजारची मिनिटंही वाचा. माहलरच्या पाचव्या सिंफनीतला ‘आदाजिएत्तो’ एखादा संचालक सात-आठ मिनिटांत संपवतो, दुसरा त्याच स्वरांना अकरा मिनिटं देतो. स्वर तेच असले तरी ऐकताना वेगळीच रचना वाटते. निजायच्या वेळी मी जास्त मिनिटांचं ध्वनिमुद्रण निवडते. या भागात फक्त तंतुवाद्यं आणि हार्प वाजतात. बाकीचे सगळे, म्हणजे फुंकणारे आणि ठोकणारे, हात बांधून बसलेले असतात, हे डोळ्यांपुढे आणलं तरी निम्मा शीण जातो.

संथ आणि तरीही अशांत

माझी सगळ्यात जास्त फसगत इथे झाली. सॅम्युअल बार्बरची तंतुवाद्यांसाठीची आदाज्यो ‘आराम’ नावाच्या अनेक याद्यांमध्ये हटकून सापडते. ती १९३८ मध्ये तोस्कानिनीच्या संचालनाखाली पहिल्यांदा सादर झाली आणि पुढे शोकप्रसंगी वाजू लागली. ती एकेक पायरी चढत जाते, चढतच जाते, सगळी वाद्यं आपापल्या वरच्या टोकाला पोहोचून जवळजवळ किंचाळतात आणि मग एकदम शांतता. दमलेल्या अवस्थेत मी ती ऐकली आणि उशी भिजवली. रडायचं असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही, पण झोपायचं असेल तर नको. एल्गारचं ‘निम्रॉड’ही तसंच. कुजबुजीतून सुरू होतं आणि भरतीच्या लाटेसारखं फुगत जातं. आल्बिनोनीच्या नावावर चालणारी आदाज्योही मी काढून टाकली. ती तर आल्बिनोनीची नाहीच. रेमो जाझोत्तो या विसाव्या शतकातल्या इटालियन अभ्यासकाने ती १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातला ऑर्गन आणि तो ठसठसणारा शोक मला रात्री झेपत नाही.

म्हणून कोणतीही नवी रचना आधी दिवसा, बसून, पूर्ण ऐकायची. हातात पेन्सिल घ्यायची. तीन प्रश्न: सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे? तो हळूहळू येतो की धाडकन? आणि शेवट कसा होतो? धाडकन येणाऱ्या आवाजावर मी समासात काट मारते, चर्चा नाही. हळूहळू येणारा उंचवटा एखादाच असेल तर रचना संध्याकाळच्या यादीत जाते. शेवट विरत जात असेल तर तिच्याभोवती गोल.

आवाजाची पातळी ठरवायची तीही या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या जागेवरूनच. बहुतेक जण सुरुवातीची कुजबुज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतात आणि चार मिनिटांनी त्याची किंमत मोजतात. तुम्ही सगळ्यात मोठी जागा शोधा, तिथे आवाज शेजारच्या खोलीतल्या गप्पांइतका ठेवा आणि मग सुरुवातीला या. कुजबुज अजिबातच ऐकू येत नसेल तर ती रचना रात्रीची नाही.

माझ्या यादीत काय टिकलं

बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधली, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या छोट्या रचनांच्या मालिकेतली, ‘एअर’ सगळ्यात आधी. ‘एअर ऑन द जी स्ट्रिंग’ हे तिचं प्रसिद्ध नाव बाखचं नव्हे. १८७१ मध्ये ऑगस्ट विल्हेल्मी या व्हायोलिनवादकाने तिची पट्टी उतरवून ती व्हायोलिनच्या एकाच, सगळ्यात खालच्या तारेवर वाजवता येईल अशी केली, तिथून ते नाव चिकटलं. रात्रीसाठी मूळ रूपच घ्या. वर व्हायोलिनचा स्वर इतका लांबतो की तो सुरू कधी झाला ते आपण विसरतो, आणि खाली चेलो आणि डबल बेस ही व्हायोलिनची खर्जातली मोठी भावंडं एकसारखी, न थकता पावलं टाकत राहतात. दोनच कडवी, प्रत्येक दोनदा. कुठेही चढ नाही, कुठेही धक्का नाही. मात्र ‘एअर’ एकटीच यादीत घाला. त्या स्वीटच्या इतर भागांत ट्रम्पेट आणि टिंपनी आहेत, आणि ‘एअर’ संपल्या संपल्या ते हजर होतात.

मोझार्टच्या २१ व्या पियानो कॉन्चेर्टोचा आंदान्ते (१७८५) दुसरा. यात व्हायोलिनांना म्यूट लावलेला असतो. म्यूट म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्यावर बसवायचा छोटा चिमटा. तो घोडीचं कंपन दाबतो, त्यामुळे स्वरातली वरची धार बोथट होते आणि आवाज मऊसूत पांघरुणातून आल्यासारखा येतो. नुसता हळू वाजवलेला स्वर आणि म्यूट लावलेला स्वर यांतला फरक एकदा कानाला कळला की तुम्ही तोच शोधत फिराल.

द्वोर्झाकच्या नवव्या, ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतला लार्गो मी संध्याकाळी ऐकते. ही सिंफनी १८९३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. यातली मुख्य चाल इंग्लिश हॉर्नवर आहे. नाव हॉर्न असलं तरी हे वाद्य ओबो या लाकडी फुंकवाद्याचा खर्जातला मोठा भाऊ आहे. शेवटाकडे ब्रासचा, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा, एक मोठा उसळा येतो, म्हणून ही रात्रीची नाही. पण त्यानंतर ती चाल परत येते तेव्हा मोजकी व्हायोलिनं मध्येच अडखळतात, थांबतात, पुन्हा सुरू करतात. बोलता बोलता गळा दाटून यावा तसं. सगळ्यात शेवटी उरतो तो फक्त डबल बेसांचा खोल, मंद स्वरमेळ.

साती यांच्या तीन ‘जिम्नोपेदी’ मूळ पियानोसाठी आहेत. तिघींपैकी दोघींना देब्युसीने वाद्यवृंदाचं रूप दिलं. छोट्या आहेत, मधल्या जागा भरायला उत्तम. राव्हेलची ‘पावान’ १८९९ मध्ये पियानोसाठी लिहिली गेली आणि १९१० मध्ये त्याने स्वतःच ती वाद्यवृंदासाठी बांधली. सुरुवातीचा फ्रेंच हॉर्न ऐकण्यासाठी तरी ती हवी. ग्रीगची ‘सकाळ’ फ्लूट आणि ओबो आळीपाळीने गातात. सगळ्यांना तिच्यात नॉर्वेची थंडगार पहाट दिसते. ज्या नाटकासाठी ती लिहिली त्यात मात्र तो प्रसंग उत्तर आफ्रिकेत घडतो. ती मधे बरीच फुलते, तेव्हा नावाप्रमाणे सकाळीच बरी.

आणि शेवटासाठी एकच: व्हॉन विल्यम्सची ‘द लार्क असेंडिंग’. एकटं व्हायोलिन आणि वाद्यवृंद, साधारण पंधरा मिनिटं. चंडोल पक्षी गात गात वर जातो, इतकीच कल्पना. शेवटी वाद्यवृंद गप्प होतो, व्हायोलिन एकटंच वर वर जात राहतं, बारीक होत जातं, आणि ते नक्की कुठे संपलं हे मला इतक्या वर्षांत एकदाही पकडता आलेलं नाही. विरामचिन्हांवर पोट भरणाऱ्या बाईला पूर्णविराम सापडू नये, याहून मोठी विश्रांती कोणती!

क्रम

डोकं भणभणत असताना एकदम सगळ्यात संथ रचना लावू नका. मन धावत असतं, संगीत रांगत असतं, दोघांचं जुळत नाही आणि उलट चिडचिड होते. संगीतोपचार करणारे ‘आयसो’ तत्त्व वापरतात: आधी माणसाच्या आत्ताच्या मनःस्थितीला जुळणारं संगीत, मग हळूहळू हव्या त्या दिशेला वळवायचं. म्हणून मी मोझार्टचा चालता आंदान्ते आधी ठेवते, मग बाख, मग चंडोल. अर्ध्या तासाच्या आत सगळं होतं. यापेक्षा लांब यादी केली की मी पुढे काय येणार याची वाट बघत जागी राहते.

उपकरणाबद्दल थोडक्यात. शफल बंद, यादी संपल्यावर आपोआप दुसरं काही सुरू होणं बंद, मध्ये जाहिरात घुसत असेल तर रचना आधी उतरवून घ्या. मैफलीतलं थेट ध्वनिमुद्रण असेल तर शेवटचे काही सेकंद तपासा. सगळं विरून गेल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला की आधीची मेहनत पाण्यात.

ऐकायचं कसं

चालीच्या मागे जाऊ नका. चाल मनाला ओढत नेते, पुढे काय, पुढे काय असं करायला लावते. सगळ्यात खालचा आवाज धरा: चेलो, डबल बेस. पहिल्या काही दिवसांत तो सापडणारच नाही, सगळा गोळाच ऐकू येईल. बाखपासून सुरुवात करा, तिथे खालची पावलं स्पष्ट आहेत. मन सरकलं, उद्याच्या कामात गेलं, तर रागवायचं नाही, पुन्हा खालची पावलं धरायची. श्वास मोजायचा नाही. फक्त सोडताना घाई करायची नाही. मी पूर्वी ठेक्यावर श्वास बसवायला गेले आणि दम लागून उठले.

आता यादीतली शेवटची गोष्ट. २००६ मध्ये ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. २४ जणांना, त्यात निम्मे वादक, सहा प्रकारचं संगीत ऐकवलं. वेगवान संगीताने श्वास, नाडी, रक्तदाब वाढले. पण मधे कुठेतरी दोन मिनिटांची शांतता घातली होती, तिच्यात नाडी आणि रक्तदाब सुरुवातीच्या विश्रांतीपेक्षाही खाली गेले.

ते वाचल्यावर मी दोन मिनिटांची निःशब्द ध्वनिफीत तयार केली. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं, तो कपाटात कपड्यांमध्ये ठेवला, झालं. चंडोलानंतर ती वाजते, म्हणजे काहीच वाजत नाही, आणि यादी संपली का हे बघायला हात फोनकडे जात नाही. यादीत तिला नाव द्यावं लागलं, तेव्हा ‘कोरं पान’ असं दिलं. तिथे मला तपासायला काही नसतं.