जपानी घरात स्वयंपाक शिकायला जाताय? या चुका टाळा

जपानला गेल्यावर कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाचा क्लास करा, नक्की करा, दहा हॉटेलांत जेवून जे कळत नाही ते त्या तीन तासांत कळतं. पण मी क्योतो आणि ओसाकाला असे चार क्लास केले आणि आपली मंडळी दरवेळी त्याच त्याच चुका करताना बघितली, म्हणून आता लिहूनच टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातला पातळ स्टॉक, खळखळून उकळणं. मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा, सगळ्याचा पाया ही दाशी. एक लिटर पाण्याला साधारण १० ग्रॅम कोंबू, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, अर्धा तास भिजवायचं, मग मंद आचेवर ठेवायचं आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसले की उकळी फुटायच्या आत कोंबू बाहेर काढायचं. मग पाण्याला उकळी आणून गॅस बंद, वरून कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन सुकवलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप, ते खाली बसले की गाळायचं, झालं.

क्योतोला माझ्याबरोबर पुण्याचं एक जोडपं होतं. क्लास घेणाऱ्या आजी दारात कुणी आलं म्हणून दोन मिनिटं बाहेर गेल्या, तेवढ्यात या दादांनी गॅस मोठा केला, "उकळल्याशिवाय अर्क कसा उतरणार?" म्हणाले, आणि नंतर गाळताना चक्क्याचं फडकं पिळतात तसं ते कापड घट्ट पिळलं. आजी आल्या, चमचाभर चाखलं, बोलल्या काहीच नाहीत, फक्त सकाळी स्वतः केलेली दाशी एका वाटीत ओतून शेजारी ठेवली. एक फिकट सोनेरी आणि नितळ, दुसरी गढूळ, बुळबुळीत, मागे कडवट चव. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ज्या चवीला उमामी नाव दिलं ती त्यांना कोंबूच्याच दाशीत सापडली होती, आणि ती चव काय असते ते मला त्या वाटीत कळलं. आजींनी नवीन कोंबू भिजवलं, त्यात अर्धा तास गेला आणि तामागोयाकी, म्हणजे अंड्याची ती घडीघडीची गुंडाळी, शिकायची राहूनच गेली. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

मी आता घरी कोंबू रात्रीच पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते, म्हणजे सकाळी घाई करायचा मोहच होत नाही. दाशीची तयार पावडर जपानी घरांतही वापरतात, त्यात गैर काही नाही, पण शिकायला गेलाय ना, मग त्या दिवशी तरी शॉर्टकट मागू नका.

दुसरी चूक शाकाहारी लोकांची. "आम्ही व्हेज" एवढंच सांगून गप्प बसतात, समोरच्या बाई मांस टाळतात आणि सूपमध्ये माशाची दाशी असतेच, कारण त्यांच्या लेखी ते मासा खाणं नाहीच. बुकिंग करतानाच स्पष्ट लिहा की मासा नको, कात्सुओबुशी नको, माशाची दाशी नको, अंडं चालतं की नाही तेही लिहा. कोंबू आणि वाळलेल्या शिताके मशरूमची दाशी उत्तम होते, बौद्ध मंदिरांतलं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी अशाच दाशीवर चालतं. पण हे दारात पोचल्यावर सांगू नका हो, त्यांनी तुमच्यासाठी सकाळीच बाजार केलेला असतो.

भात शिजताना झाकण उघडून बघू नका, आणि गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटं हात लावू नका. आपल्याला मोकळा भात लागतो, त्यांना चॉपस्टिकने उचलता येईल असा हवा असतो, म्हणून "चिकट झाला" म्हणून पाणी कमी करायला सांगू नका.

मिसो गॅस बंद केल्यावर घाला, उकळलं की वास उडतो.

तातामीवर, म्हणजे घरातल्या गवती चटयांच्या जमिनीवर, स्लीपरसुद्धा नको.

भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, तसा भात मृतासाठी ठेवतात.

आणि दाशीतून काढलेलं कोंबू कचऱ्यात टाकायला जाऊ नका. त्या आजींनी ते बारीक चिरून सोया सॉस, मिरीन (तांदळाची गोडसर वाइन) आणि साखरेत मंद आचेवर आटवलं, त्याला त्सुकुदानी म्हणतात, आणि गरम भातावर चिमूटभर वाढलं. चारही क्लासमध्ये मिळून मला सगळ्यात जास्त आवडलेला घास तो.