उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याची रीत

पक्ष्यांच्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात. भर दुपारी चोच वासून धापा टाकणारा कावळा अंगातले पाणी वाफेवाटे सोडून स्वतःला थंड करत असतो. पक्ष्यांचे शरीर मुळातच ४१ अंशांच्या आसपास तापलेले असते. पारा त्यापुढे चढला की थंड होण्याचा एवढाच मार्ग उरतो, आणि त्याला पाणी लागते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, तर २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. म्हणून अक्षय्य तृतीयेपर्यंत न थांबता होळीलाच पाणी ठेवू लागावे.

कुंडीखाली ठेवतात ते मातीचे पसरट परळ सर्वांत उत्तम. पाणी दोन इंचांहून खोल नसावे आणि मध्ये पाण्याबाहेर डोके काढणारा खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्यांना पाय रोवता येतो आणि पाण्यात पडलेल्या मधमाशीलाही बाहेर येता येते. स्टीलचे भांडे तापते, ते टाळावे. जागा सावलीची, पण झुडपापासून चार-पाच हात लांब असावी. दबा धरणाऱ्या मांजराचा हिशेब आपण सहसा विसरतो.

रोज सकाळी जुने पाणी झाडाला घालून परळ काथ्याने घासावे, साबण लावू नये. डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात, ती नुसते पाणी बदलून जात नाहीत.

शेतात पाणी ठेवायचे असल्यास ते जमिनीलगत, उतरत्या काठाच्या उथळ खड्ड्यात असावे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि ऊन वाढले की पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवते, मग ओल्या अंगानेच अंड्यांवर येऊन बसते. तिचे घरटे दिसल्यास तेथे रेंगाळू नये. आपण हटेपर्यंत ती परतत नाही आणि तेवढ्या वेळात अंडी तापतात.

उष्म्याने पडलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या व गार जागी त्याला ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

वळवाची एखादी सर आली म्हणून परळ उचलू नये. आजूबाजूची डबकी भरून टिकू लागेपर्यंत ते जागेवरच राहू द्यावे.