अडकलेलं पेमेंट व्याजासह कसं वसूल करावं

ऑर्डरवर '९० दिवसांचं क्रेडिट' छापलंय म्हणून गप्प बसणारे छोटे कारखानदार आणि जॉबवर्कवाले प्रत्येक एमआयडीसीत भेटतात. एमएसएमईडी कायदा, २००६ (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा) ती अट मानत नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेला द्यायचे, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर मुदत १५ दिवसांची. पुढे चक्रवाढ व्याज लागतं, मग करारात व्याजाचा उल्लेख असो वा नसो.

आधी उद्यम नोंदणी

उद्यम ही सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर ती ऑनलाइन मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत २५ कोटींची गुंतवणूक आणि १०० कोटींची उलाढाल अशी आहे. मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही.

इथे दोन ठिकाणी घात होतो. एक म्हणजे पैसे अडकल्यावर केलेली नोंदणी. आधी पुरवलेल्या मालाला ती लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. म्हणून ऑर्डर घेण्यापूर्वीच नोंदणी करा. दुसरं, उत्पादन करणाऱ्याने घाईत 'व्यापार' निवडणं. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी धरली जाते, थकलेल्या पेमेंटसाठी नाही. आपलं प्रमाणपत्र काढून आजच तपासा. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

माल उतरतो तिथेच केस उभी राहते

डिलिव्हरी चलनावर गेटवरची नुसती वेडीवाकडी सही पुरत नाही. घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि कंपनीचा शिक्का, तिन्ही हवेत. फोनवरची ऑर्डर असेल तर त्याच दिवशी ई-मेलने नग, दर आणि पेमेंटची तारीख कळवा.

चलनावरची तारीख इतकी महत्त्वाची का? मालाबद्दल तक्रार असेल तर ती खरेदीदाराने डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी करायची असते. नाही केली, तर डिलिव्हरीच्या दिवशीच माल स्वीकारला असं कायदा धरतो. पैसे मागितल्यावर चार महिन्यांनी 'रिजेक्शन'ची डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) येते तेव्हा हेच चलन कामी येतं. अशी नोट आली की लगेच लेखी हरकत घ्या; गप्प राहणं पुढे अंगाशी येतं.

व्याजाचा तक्ता

दर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक रेट'च्या तिप्पट आणि चक्रवाढ दरमहा. रेपो रेट हा रिझर्व्ह बँकेचाच पण वेगळा दर, इथे तो धरण्याची चूक बरेच जण करतात. समजा बँक रेट ६ टक्के आहे, तर व्याज १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का. २ लाखांचं बिल मुदतीनंतर सहा महिने थकलं तर व्याज सुमारे १८,६९० रुपये होतं. प्रत्येक बिलाची वेगळी ओळ करा आणि मधे आलेली रक्कम तारखेसह वजा करा.

पत्र, मग परिषद

बिलांची यादी, व्याजाचा तक्ता आणि उद्यम क्रमांक जोडून स्पीड पोस्टाने व ई-मेलने मागणीपत्र पाठवा. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे, म्हणून भाषा सौम्य ठेवा, आकडे मात्र नेमके. हे पत्र मार्चआधी त्यांच्या अकाउंट्स विभागापर्यंत पोचवा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत उलटून थकवलेल्या अशा बिलाचा खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा मिळतो. अनेकदा एवढ्यावरच चेक निघतो.

नाहीच निघाला तर अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करा. खरेदीदार चेन्नईचा असला तरी तुमचा कारखाना महाराष्ट्रात आहे तर इथली परिषद चालते. ऑर्डर, बिलं, चलनं, खातेउतारा आणि पत्रव्यवहार जोडा. आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला की लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो हे धरून चला. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला त्याला न्यायालयात आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

बिल थकून तीन वर्षं मात्र उलटू देऊ नका, लवादात मुदतबाह्य दावा टिकत नाही. तोवर दरवर्षी खरेदीदाराकडून सही-शिक्क्याचं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे बाकी रकमेची कबुली, घ्या. मुदतीत मिळालेल्या अशा लेखी कबुलीपासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात.