भिशीतल्या आठजणींची एक रात्र: गगनबावड्याचा बेत कसा तडीस न्यायचा

पन्हाळ्याला जाऊ नका, हे पहिलं. गडात काही खोट नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे आणि सज्जाकोठीवर वारा आजही पदर धरू देत नाही. पण कोल्हापुरापासून तो जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. म्हणजे संध्याकाळी सहाला कुणाचा तरी नवरा दोन पोरांना गाडीवर घालून "सहज आलो" म्हणत दारात उभा. मग त्यांचा चहा, पोरांची भजी, "मम्मी, मी पण राहणार" हे रडगाणं. झाली सहल.

घरच्यांना उठून येता येऊ नये इतकं लांब आणि कुणाचं दुखलं-खुपलं तर दोन तासांत घर गाठता यावं इतकं जवळ, असं ठिकाण धरा. या मापात तीन बसतात: मलकापूरच्या पुढं आंबा घाट, काजव्यांसाठी राधानगरी (मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, पुढं पाऊस लागला की दाजीपूरचं अभयारण्य बंद असतं) आणि गगनबावडा. माझं मत गगनबावड्याला. अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आणि एसटी थेट.

एसटीचं नाव काढलं की भिशीत एक-दोघी नाक मुरडतातच. त्यांना हिशेब दाखवा. भाड्याची गाडी घेतली तर गाडीवाले दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर किमान धरतात, तुम्ही तेवढं फिरा नाहीतर फिरू नका. वर ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, त्याची झोपायची सोय, जेवण. गाडी दोन दिवस हॉटेलच्या अंगणात उभी राहणार आणि पैसे तुम्ही भरणार. उलट १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आठजणी म्हणजे चारच पूर्ण तिकिटं. स्टँडवरून हॉटेल लांब असेल तर त्यांनाच सांगा, "दादा, न्यायला कुणीतरी पाठवा." बहुतेक ठिकाणी पाठवतात. गुडघेदुखीवाली कुणी असेल आणि गाडीच हवी असेल, तर "सोडून जा, उद्या दुपारी न्यायला या" असा सौदा करा, मुक्कामाचा नको.

आता वार. यावर आमच्यात जितकी डोकी फुटलीत तितकी पैशावरून फुटली नाहीत. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार जोतिबाचा. आठजणींचे वार मांडले की मटणाला एकटा बुधवार उरतो. तोच घ्या. बुधवारी सकाळी निघा, रात्री तांबडा-पांढरा, गुरुवारी पोहे-उप्पीट खाऊन दुपारी परत. आठवड्याच्या मधल्या दिवशी हॉटेल रिकामं असतं, त्यामुळं दरातही घासाघीस चालते. शनिवारी तेच हॉटेल तुमचा फोनसुद्धा नीट ऐकून घेत नाही.

महिना निवडताना मी माझ्या मशीनकडं बघते. मंगळवार पेठेत घरीच ब्लाऊज शिवते. लग्नसराईत आणि दिवाळीआधी मला मान वर करायला होत नाही. श्रावणात मटण नाही, गणपती-गौरीला कुणी घर सोडत नाही, नवरात्रात उपवास. राहतो मधला पितृपंधरवडा. त्या दिवसांत नवीन कापडाला हात लावायला गिऱ्हाईक कचरतं, काम आपोआप कमी. पाऊस ओसरत आलेला, डोंगर हिरवेगार, ओढ्यांना पाणी आणि हॉटेलं मोकळी. प्रत्येकीच्या घरची म्हाळाची तिथी आधी विचारून घ्या, तेवढे दिवस सोडून उरलेल्यातला बुधवार पकडा. कुणाच्या घरी पंधरवडाभर वशाट चालत नसेल तर ती पिठलं-भाकरी खाईल, तिच्यापायी बेत मोडू नका.

धुकं आणि धो-धो पाऊसच हवा म्हणून जुलै-ऑगस्टला जाणार असाल तर निघायच्या आदल्या रात्री पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पंचगंगा इशाऱ्याकडं सरकायला लागली की निघूच नका, कारण गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी आलं की वाहतूक थांबते आणि तुम्ही पलीकडं अडकता. एक रात्र मजेची असते. तिसऱ्या रात्री त्याच आठजणी एकमेकींच्या घोरण्याचा हिशेब काढतात.

पैसे भिशीतच जमवा, पण भिशीच्या रकमेत मिसळू नका. दर महिन्याला वेगळे ३०० रुपये काढले की आठ महिन्यांत आठजणींचे १९,२०० होतात. ते एकीकडंच ठेवायचे, वही दुसरीकडं. ही वही-पैशाची फारकत फार कामाची. जिच्याकडं पैसे आहेत तिच्यावर कुणी संशय घेत नाही आणि जिच्याकडं वही आहे ती सगळ्यांना दटावू शकते.

मग हॉटेलला फोन. फोटो बघून भुलू नका, फोटो दिवाळीतल्या उन्हात काढलेले असतात. फोन करा आणि जिचा आवाज ठसठशीत आहे तिला बोलायला लावा. पहिला प्रश्न गरम पाण्याचा. सोलर असेल तर ढगाळ दिवसांत पाणी कोमट म्हणायच्याही लायकीचं नसतं. गिझर आहे का, आणि लाइट गेल्यावर जनरेटरवर चालतो का, हे स्पष्ट विचारा. कमोडची खोली तळमजल्यावर मिळेल का. जादा गादीचे किती. खोलीला कुबट वास येतो का असं विचारलं तर कुणी हो म्हणणार नाही, म्हणून "आजच खोलीचा एक व्हिडिओ काढून पाठवा" म्हणा. भिंतीवरची ओल त्यात दिसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: "त्या रात्री दुसरा कुठला ग्रुप आहे का, मामा?" पुरुषांचा दहा-बारा जणांचा ग्रुप आणि त्यांचा स्पीकर असेल तर तारीख बदला. रात्री दोनला गाणी बंद करा म्हणून दार वाजवायला कुठल्याही हॉटेलचा मॅनेजर जात नाही, हे मी बघितलंय.

दर विचारताना "जीएसटी धरून की सोडून?" हे लगेच विचारा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, त्याआधी १२ होता. म्हणजे अडीच हजारांच्या खोलीवर १२५ रुपये. कुणी अजून जुन्या दरानं सांगत असेल तर तिथंच अडवा. ॲडव्हान्स थोडाच द्या, आणि पैसे पाठवताना समोर हॉटेलचं नाव येतंय की भलत्याच माणसाचं, ते बघून मगच पिन टाका.

घरची तयारी हा या सगळ्यातला खरा घाट. बहुतेकजणी आदल्या दिवशी दोन दिवसांच्या भाज्या, चपात्या, मुलांना लाडू, सासऱ्यांना वेगळं पथ्याचं असं रात्री बारापर्यंत करत बसतात आणि एसटीत बसल्या बसल्या झोपतात. काही करू नका. भाताला पाणी किती लागतं हे सांगा आणि निघा. फक्त औषधांचं मात्र नीट लावा. आमच्या भिशीतली एक दरवेळी म्हणते, "मी येतो गं, पण आईंच्या गोळ्या कोण देणार?" तिला मी कापडी कप्पे शिवून दिलेत: ब्लाऊजच्या अस्तराच्या उरलेल्या पट्टीवर चार खिसे, सकाळचा पिवळा, दुपारचा हिरवा, रात्रीचा निळा, चौथा लाल, ज्यात काहीच ठेवायचं नाही, फक्त डॉक्टरांची चिठ्ठी आणि नंबर. ही पट्टी फ्रीजच्या दांड्याला बांधली की नवऱ्यालाही कळतं. बाकी मीठ कुठं, जिऱ्याचा डबा कुठला, यासाठी फोन येणारच. रात्री आठ ते साडेआठ एवढाच वेळ फोनचा ठरवा. तसंही धुक्यात रेंज जा-ये करते, त्यामुळं कुणी रागावत नाही.

सामानात फार काही नको. मीठाची पुडी घ्या, जळवांसाठी. बॅटरी, जादा परकर-गाऊन, ओल्या चपलांना एक पिशवी, भडंग आणि घरची कांदा-लसूण चटणी. एकसारख्या साड्यांची टूम निघेल. निघू देऊ नका, ब्लाऊज मला शिवावे लागतात.

पोचल्यावर सही करण्याआधी खोली बघा: आतली कडी लागते का, नळ सोडून पाणी येतं का, चादर धुतलेली आहे का. तीन खोल्या घेतल्या तरी सगळ्याजणी एकीतच येऊन पडणार, म्हणून एक खोली गप्पांची ठरवून टाका आणि एक अशी ठेवा जिथं दहानंतर कुणी बोलायचं नाही. घोरणाऱ्या तिसरीत. ही वाटणी एसटीतच करा, खोलीच्या दारात उभं राहून केली तर रुसवे होतात.

जेवणाची ऑर्डर आदल्या दिवशीच द्या. मेनूकार्डातलं पनीर अमुक-तमुक विसरा, स्वयंपाकघरातल्या मावशींना विचारा, "तुमच्या हातचं काय चांगलं होतं?" आठजणींत दीड किलो मटण पुरतं. न खाणाऱ्यांसाठी अख्खा मसूर, त्याला पळी वेगळी. आणि जेवायची वेळ सांगितली की पाळा. हे शिस्तीसाठी नाही, पांढऱ्या रश्श्यासाठी. मटणाच्या अळणी पाण्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण जातं आणि शेवटी नारळाचं दूध. दूध पडल्यावर उकळी आली की रस्सा फुटतो. गेल्या खेपेला मावशी पातेल्याशेजारी पळी हातात धरून उभ्या होत्या, कडेला बारीक बुडबुडा दिसला की पातेलं खाली, पुन्हा वर, आणि मधूनमधून दाराकडं बघत होत्या, बायका बसल्या का म्हणून. आठ म्हणून साडेनऊला गेलात तर वर तेल, खाली पाणी. त्यात त्यांचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी एकच ठिकाण करा. गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे, सकाळी आठच्या आत वर जा. किंवा गावापुढच्या फाट्यापर्यंत चालत जा, जिथून करूळ घाट वैभववाडीकडं आणि भुईबावडा घाट खारेपाटणकडं उतरतो. दरीतून धुकं वर चढताना दिसतं, तिथं चहा मिळाला तर उत्तम. तिघींना कुठंच जायचं नसेल तर त्यांना झोपू द्या. घरी सकाळी दहापर्यंत कोण झोपू देतं?

बिल मागताना सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो द्यायचाच असा नियम नाही, काढायला सांगता येतो. तो काढून ते पैसे मावशींच्या हातात ठेवा. परतीची एसटी कितीची हे स्टँडवर उतरल्या उतरल्याच विचारून ठेवलेलं असू द्या, आणि हिशेब वाटेतल्या साळवण गावाच्या आत वहीत उतरवा. पुढं गेलं की सगळ्यांना रेंज येते आणि कुणाचंच लक्ष राहत नाही. उरलेले पैसे आठात वाटत बसू नका. तेवढ्यात रंकाळ्यावर आठ भेळ येतात.