कासव दत्तक घेताय? आधी यूव्हीबीची नळी आणा

मागच्या कासवाच्या वेळी टाकी होती, फिल्टर होता, खाणं होतं; यूव्हीबीची नळी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा ट्यूबसारखा दिवा, तेवढी राहिली आणि कवच मऊ पडलं. म्हणून या यादीत ती पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. मराठीत जमिनीवरचंही कासव आणि पाण्यातलंही कासवच, त्यामुळे देणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, पाय बघा. हत्तीसारखे खांबपाय आणि उंच कवचावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतील तर ते स्टार कासव. कवच कातड्यासारखं आणि पोटाकडे मागचे पाय झाकणाऱ्या झडपा असतील तर आपल्या तळ्या-विहिरींतलं फ्लॅपशेल. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि ‘कुणीतरी दिलं’ हे उत्तर चालत नाही. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. बोटांमध्ये पडदे, पिवळ्या पोटावर काळे डाग आणि डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर तो रेड-इअर्ड स्लायडर, मूळचा अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातला. शहरातल्या घरांत बहुधा हाच असतो आणि पुढचं सगळं त्याच्यासाठीच आहे. वय झालं की लाल पट्टा काळपट पडू शकतो, म्हणून पोटही बघा. पुढची नखं लांबलचक आणि शेपूट जाड असेल तर नर. मादी 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि वीस-तीस वर्षं जगते. तेवढी जागा आणि तेवढी वर्षं असतील तरच हो म्हणा.

टाकी मोठी घ्या. कवचाच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला साधारण 15 लिटर पाणी, म्हणजे 12 सेंटिमीटरच्या कासवाला 180 लिटर. वास्तूसाठी म्हणून काचेच्या वाडग्यात ठेवतात तो निव्वळ छळ आहे. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या दीडपट तरी हवी. वर चढून पूर्ण कोरडं होता येईल असा फलाट हवा; अर्धा बुडलेला दगड नको. तळाशी बारीक खडे अजिबात नकोत, कासवं ते गिळतात आणि आतडं तुंबतं. घालायचेच तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे. फिल्टर टाकीच्या दुप्पट क्षमतेचा. नळाचं पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेवून किंवा क्लोरीन काढणारे थेंब घालून मगच भरा.

आता नळी. फलाटावर दोन दिवे लागतात आणि दोघांची कामं वेगळी. एक उष्णतेचा, त्याच्याखाली 32 ते 35 अंश. दुसरा यूव्हीबीचा, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा, 5.0 लिहिलेला. दुकानात ‘टर्टल लाइट’ म्हणून नुसता पिवळा बल्ब किंवा निळी एलईडी हातात देतात, ती घेऊ नका. यूव्हीबीशिवाय अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसलं की खाण्यातलं कॅल्शियम शोषलं जात नाही, मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढतं. कवचाची कड रबरासारखी दबते, वर वळते, आणि एकदा वाकडी झाली की सरळ होत नाही.

‘आमच्याकडे खिडकीतून छान ऊन येतं’ म्हणाल, तर काच यूव्हीबी अडवते. टाकीचं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं झाकणही अडवतं. नळी वरून लावा, बाजूने नको, डोळ्यांना त्रास होतो. अंतर खोक्यावर लिहिलेलं असतं, साधारण 25 ते 30 सेंटिमीटर. रोज दहा-बारा तास. आणि लावाल त्या दिवशीची तारीख नळीच्या टोकाला मार्करने लिहा, कारण सहा महिने ते वर्षभरात यूव्हीबी संपतं पण उजेड तसाच दिसतो. लागतेय म्हणजे चालतेय असं समजू नका!

खरं ऊन उत्तमच. सकाळी घमेल्यात थोडं पाणी, अर्ध्या भागावर सावली, वीस मिनिटं, आणि तुम्ही शेजारी बसलेले. कावळे, घारी, मांजरं टपलेलीच असतात. काचेची टाकी उन्हात ठेवायची नाही, पाणी तापून जीव जातो.

पाणी 24 ते 26 अंश. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात हीटर लागतोच. जाळीचं संरक्षण असलेला घ्या, नाहीतर धडकून काच फुटते. पाणी बदलताना आधी प्लग काढा.

खाणं: चांगल्या पेलेट्स (कासवांच्या खाण्याच्या तयार गोळ्या), एका वेळी त्याच्या डोक्याएवढ्या, पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. सोबत लाल भोपळ्याचा कीस, लेट्यूस, शेवग्याचा पाला. पालक आणि अळू नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. पोळी, भात, दूध नाही. सुक्या कोळंबीची डबी म्हणजे जेवण नव्हे. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या अंगातल्या पांढऱ्या कवचाचा, तुकडा कडक पाठ काढून पाण्यात टाका, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. पण नळी नसेल तर समुद्रफेस वाया.

आणल्या दिवशी वजन करून लिहून ठेवा, कवचाची कड अंगठ्याने दाबून बघा. अगदी लहान पिल्लाचं थोडं लवतं, दहा सेंटिमीटरचं लवता कामा नये. डोळे सुजलेले, नाकातून बुडबुडे, पोहताना एका बाजूला कलणं: डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे नव्हे, सरपटणारे प्राणी बघणारे. नंबर आधीच शोधून ठेवा.

कासवाला हात लावल्यावर हात साबणाने धुवा, त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो. टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका. नको झालं तरी तलावात सोडू नका, तो इथल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावतो.

नळी आणली का? लावून, तारीख लिहून झाली की मग कासव आणायला निघा.